तू आत शिरतेस

फासे, कागद, पेन्सिल आणि टेबलाभोवती बसलेली चार-पाच माणसं एवढ्यावर चालणारा डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा हा खेळ मुळात बोलण्याचा आहे. खेळ चालवणारी डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, सांगते, ‘समोर दगडी दार आहे, पलीकडून पाणी ठिबकल्याचा आवाज येतोय.’ खेळाडू आपापलं पात्र काय करतं ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडद्यावर काही दिसत नाही, कुणी आधी चित्रित करून ठेवलेलं नसतं. तोंडातून निघालं तेवढंच त्या जगात असतं. म्हणून या खेळातल्या बाया, पुरुष आणि या दोन्हींत न बसणारी माणसं यांचा विचार पुस्तकातल्या ‘सर्वांचं स्वागत आहे’ या वाक्यापासून सुरू केला तर हाती फारसं लागत नाही. तो क्रियापदापासून सुरू करावा लागतो.

इंग्रजीत खेळ चालवणाऱ्यांना ही अडचण जाणवतच नाही. ‘यू ओपन द डोअर’ म्हटलं की भागतं. दार कुणी उघडलं, बाईने की पुरुषाने, हे वाक्य सांगत नाही. मराठीत अशी सुटका नाही. ‘तू दार उघडतोस’ म्हणा नाहीतर ‘तू दार उघडतेस’ म्हणा, काहीतरी एक म्हणावंच लागतं, आणि एका सत्रात अशी वाक्यं शेकड्यांनी येतात. समजा एका मुलीने दाढीवाला बुटका योद्धा घेतलाय आणि शेजारच्या मुलाने एल्फ जातीची जादूगार. पहिली पंधरा मिनिटं सगळे सांभाळून बोलतात. मग लढाई सुरू होते, पाळीचे आकडे पुकारले जातात, वेग वाढतो, आणि डीएमच्या तोंडून समोर दिसणाऱ्या माणसाचं क्रियापद निघतं. चूक द्वेषातून होत नाही. डोळ्याला खेळाडू दिसतो, पात्र दिसत नाही, एवढंच कारण. पण तिसऱ्या-चौथ्यांदा असं झालं की खेळाडू दुरुस्त करायचं सोडून देतो आणि पुढच्या वेळी मुकाट्याने स्वतःच्याच लिंगाचं पात्र घेऊन येतो. टेबलावर कुणी कुणाला काही म्हटलेलं नसतं, तरी एक वाट बंद झालेली असते.

यावर उपाय साधा आहे. जाड कागदाची पट्टी मधोमध दुमडून तंबूसारखी उभी करायची. बाहेरच्या बाजूला पात्राचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि त्याखाली एक पूर्ण वाक्य: ‘वज्रा दार उघडते.’ नुसतं सर्वनाम लिहून उपयोग नाही, कारण मराठी बोलताना ‘तो’, ‘ती’ सर्रास गळतात. क्रियापद गळत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. खेळाडूकडच्या बाजूला ‘मी दार उघडते’ असं लिहायचं. हेही लागतं, कारण बाईचं पात्र घेतलेला मुलगा घाईत स्वतःच ‘मी तलवार काढतो’ म्हणून जातो.

दुसरा उपाय भाषेतच पडलेला आहे, वापरायची सवय मात्र लावून घ्यावी लागते. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्त्याकडे बघत नाही, कर्माकडे बघतो: ‘तू कुलूप तोडलंस’, ‘तू मशाल उचललीस.’ भविष्यकाळही लिंग विचारत नाही: ‘दार ढकलशील का?’ जाणिवेची वाक्यं तर पूर्ण मोकळी असतात: ‘तुला जळका वास येतो’, ‘तुला उडी मारावी लागेल.’ ‘तुम्ही’ने सुरू होणारी वर्तमानकाळी वाक्यंही मोकळीच. नव्या खेळाडूच्या पात्राची अजून नीट ओळख झालेली नसते तेव्हा पहिला अर्धा तास याच वाटांनी निभावतो. दगा देणारी क्रियापदं कोणती ते माहीत असावं: म्हणणं, बोलणं, विसरणं, पिणं. यांचा भूतकाळ कर्त्यालाच धरतो, ‘तू म्हणालास’, ‘तू औषध प्यायलीस.’ जायचं, यायचं, पडायचं तर आहेच. अख्ख्या गटाबद्दल बोलताना ‘तिघे’ आणि ‘सगळे’ आपोआप येतात. मिश्र गटासाठी ‘तिघं’ आणि ‘सगळी’ ही मराठीची आपली, जुनी आणि अचूक रूपं आहेत. ‘तिघं पुलावर चढतात’ म्हणताना जिभेला काहीही त्रास होत नाही.

पात्र स्त्रीही नाही आणि पुरुषही नाही असं असेल तर अंदाज बांधत बसू नये, खेळाडूला विचारावं. कुणाला नपुंसकलिंगी ‘ते दार उघडतं’ आवडतं, कारण मराठीत लेकरूसुद्धा ‘ते’ असतं आणि त्यात माया आहे. कुणाला त्याच ‘ते’मध्ये वस्तू केल्यासारखं वाटतं, त्यांना आदरार्थी ‘ते उघडतात’ बरं वाटेल. कुणी सर्वनाम टाळून प्रत्येक वेळी नावच घ्यायला सांगेल. पट्टीवरच्या वाक्यात यातलं जे ठरेल ते लिहायचं आणि विषय तिथे संपवायचा. त्या खेळाडूला खेळायचं असतं, दर आठवड्याला व्याकरण शिकवायचं नसतं.

खेळाची पुस्तकं या बाबतीत कुठून कुठे आली हे पाहायला एक तक्ता पुरतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपात आला, पहिल्या छपाईत १००० संच. लढवय्या वर्गाचं, म्हणजे लढणाऱ्या पेशाच्या पात्रांचं, नावच ‘फायटिंग-मेन’ होतं. १९७६ साली द ड्रॅगन मासिकाच्या तिसऱ्या अंकात स्त्री पात्रांसाठी वेगळे नियम सुचवणारा लेख आला, त्यात बायांच्या बाबतीत ‘करिश्मा’ काढून त्या जागी ‘सौंदर्य’ हा गुण बसवला होता. करिश्मा म्हणजे माणसं आपल्यामागे येण्याची ताकद. ती काढली की पात्राकडे बघता येतं, पण त्याच्यामागून चालता येत नाही.

मग १९७८ साली याच खेळाच्या अॅडव्हान्स्ड डी अँड डी या आवृत्तीचं प्लेअर्स हँडबुक आलं. त्यातला ताकदीचा तक्ता नीट बघण्यासारखा आहे. मनुष्य लढवय्याला ताकदीत १८ मिळाले तर तो पुढे शंभराचा फासा टाकतो आणि १८/०१ पासून १८/०० पर्यंत कुठेही पोचू शकतो. इथे ०० म्हणजे शंभर. मनुष्य स्त्रीला मात्र १८/५० च्या पुढे जाता येत नाही. फरक किती? १८/५० ला वार लागण्यात +१ आणि इजेत +३. १८/०० ला +३ आणि +६. आता हा नियम प्रत्यक्षात किती वेळा लागू होणार ते मोजू. तीन साध्या, सहा बाजूंच्या फाशांवर १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक. त्यानंतर शंभराच्या फाशावर ५० च्या वर जाण्याची शक्यता निम्मी. म्हणजे ४३२ लढवय्यांमागे एक. चार फासे टाकून सर्वांत लहान सोडून दिला तरी १८ पडण्याची शक्यता १२९६ मध्ये २१, दोन टक्क्यांच्याही आत.

खेळाचा तोल राखायला हा नियम जवळजवळ निरुपयोगी होता. ज्या टेबलावर तो कधी लागूच झाला नसेल तिथेही पात्र बनवताना तो वाचला मात्र गेला. नवीन मुलगी पुस्तक उघडते, पहिला गुण ताकद, आणि तिथेच छापलेलं आहे की तुझं पात्र इथे थांबेल. हाफलिंग या बुटक्या जातीच्या बायांची मर्यादा तर १४ होती. तीन फाशांवर ती १८/५० च्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त पात्रांना आडवी येते, म्हणजे तिथे नियम नुसता वाचलाही जात नव्हता, खरोखर कापत होता. आणि त्याच खेळात ओग्र नावाच्या राक्षसाच्या ताकदीचे जादूचे हातमोजे आहेत, जे घालेल त्याला थेट १८/०० देणारे. चामड्याच्या जोडीने जी सीमा पुसली जाते ती वास्तवाच्या आग्रहापोटी आखली होती, हे मला कधीच पटलं नाही.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने हे निर्बंध काढून टाकले, पण संपूर्ण पुस्तकात इंग्रजी ‘he’ (तो) हेच सर्वनाम ठेवलं आणि शतकानुशतकांच्या वापराने ते तटस्थ झालंय असा खुलासा जोडला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने खुलासा न देता काम केलं: प्रत्येक वर्गाला एक नमुना पात्र दिलं आणि त्या वर्गाचं वर्णन त्या पात्राच्या लिंगाने लिहिलं. विझर्डचं नमुना पात्र मिअली नावाची एल्फ स्त्री, म्हणून विझर्डच्या पानांवर ‘ती’. चोरांच्या वर्गाची लिडा, तिथेही ‘ती’. वाचणाऱ्याच्या डोक्यात जादूगार म्हणून बाई उभी राहते, आणि त्यासाठी एकही उपदेशाचं वाक्य खर्च झालेलं नाही. मला या सगळ्या इतिहासातली ही युक्ती सर्वांत हुशार वाटते, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतल्या त्या गाजलेल्या परिच्छेदापेक्षाही, जिथे लिंगाच्या दुहेरी कल्पनेत अडकून राहायची गरज नाही असं सांगून एल्फांच्या कोरेलॉन देवाचा दाखला दिलाय. परिच्छेद चांगलाच आहे, पण तो एकदा वाचून मागे पडतो. सर्वनाम प्रत्येक पानावर भेटतं.

इतर खेळ काही बाबतींत पुढे गेले. रूनक्वेस्टच्या १९७८ च्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर लढणारी योद्धा बाई होती, आणि तिचं चित्रही एका चित्रकर्तीनेच काढलेलं. त्याच खेळाच्या ग्लोरांथा या जगात विंगा देवीच्या मार्गाने जाणाऱ्या बाया केस लाल रंगवतात, आणि समाजात त्यांची जागा ठरलेली असते. ब्लू रोझ या २००५ च्या खेळाने समलिंगी प्रेमाला जगाच्या रोजच्या शब्दसंग्रहात बसवलं. बाया या छंदात नंतर आल्या असं कुणी म्हणालं तर तेही खरं नाही. ली गोल्ड यांनी अलारम्स अँड एक्सकर्शन्स हे खेळाडूंचं नियतकालिक १९७५ सालीच सुरू केलं. भुयारांच्या रचनेचा आजही पाठ म्हणून अभ्यास होतो त्या केव्हर्न्स ऑफ थ्रेशियाच्या कर्त्या जेनेल जॅक्वेज या पारलिंगी स्त्री होत्या. ते काम १९७९ चं.

आता तक्त्यांकडे, कारण खरं जग तिथे तयार होतं. रात्री उशिरा, गट अनपेक्षित गल्लीत वळलेला असतो आणि डीएमच्या डोक्यात काही शिल्लक नसतं, तेव्हा ती फासा टाकून तक्ता बघते. तक्ता तिच्याऐवजी विचार करतो. १९७९ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये शहरातल्या भेटीगाठींच्या तक्त्यात वेश्या आली तर ती कोणत्या प्रकारची, हे ठरवायला शंभराच्या फाशावर एक वेगळा उपतक्ता होता. गबाळी, उद्धट, स्वस्त, महाग, अशी विशेषणं लावलेला. मध्यरात्रीच्या थकव्यात कुठल्या टेबलावर कुठल्या बाया आल्या असतील ते यावरून समजावं.

म्हणून आपला तक्ता आपणच आधी करून ठेवावा. वीस ओळी पुरतात. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: काम काय, हवंय काय, आणि एखादी लकब. ‘नाव वल्हवणारं माणूस, भावाचं कर्ज फेडायचंय, बोलताना दोरीला गाठी मारतं.’ लिंग या ओळीत लिहायचं नाही. ते सगळ्यात शेवटी, दहा बाजूंच्या फाशावर: १ ते ४ बाई, ५ ते ८ पुरुष, ९ आणि १० या दोन्हींबाहेरचं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी लिंग ठरवलं की काम त्याच्या मागून वाकून येतं. बाई निघाली की हात नकळत खाणावळीकडे आणि औषधी मुळ्यांकडे जातो. काम आधी ठरलेलं असेल तर फाशाला त्याच्यापुढे काही करता येत नाही. शेजारी तीस नावांची यादी ठेवायची आणि वापरलेलं नाव खोडायचं, कारण पहारेकऱ्याला नाव नसलं की तो पुरुष होतो आणि दुसऱ्या तासानंतर सगळेच पहारेकरी बिननावाचे असतात.

तरी एक खोड राहते. फाशाने पहारेकऱ्यांची नायक बाई निघाली की डीएम तिला लगेच कारण देऊ लागते: वडील सैनिक होते, भाऊ नव्हता, नवरा लढाईत गेला. पुरुष नायकाला असं कारण कुणी देत नाही, तो नुसता नायक असतो. ही कारणं गाळायची.

सत्र संपल्यावर पाच मिनिटं मोजदाद करावी. किती पात्रांना नाव होतं, कुणाला स्वतःचं काही हवं होतं, कुणी वाट अडवली, कोण मेलं. आकडे अर्धे-अर्धे असूनही सगळ्या बाया फक्त मदत मागणाऱ्या किंवा मेलेल्या निघू शकतात. वाट अडवणाऱ्या बाया मोजल्या की खरी परिस्थिती कळते. इथे जुना खेळ आणखी एका खड्ड्यात पडला होता: १९७८ च्या साहस-पुस्तिकांतून आलेल्या ड्राऊ या जमिनीखाली राहणाऱ्या एल्फांत सत्ता बायांकडे आहे, आणि तो समाज क्रूर, कोळ्यांच्या देवीपुढे बळी देणारा. जगात बायांचं राज्य एकाच ठिकाणी आणि तेच नरकासारखं असेल, तर ड्राऊ वाईट नाहीत, शेजारी दुसरं राज्य नाही ही अडचण आहे. नकाशावर आणखी दोन राण्या ठेवा, एक कंजूष आणि एक चांगली, म्हणजे ड्राऊंची मालकीण पुन्हा फक्त ड्राऊंची होते.

मराठीत खेळताना कामांच्या नावांपाशी खास सावध राहावं लागतं. लोहार बाई असेल तर पटकन ‘लोहारीण’ म्हटलं जातं, आणि ऐकणाऱ्याच्या मनात लोहाराची बायको उभी राहते. ‘पाटलीण’, ‘सरदारीण’ यांचंही तेच; तो ‘ईण’ बहुधा नवऱ्याकडून आलेला असतो. ‘जादूगार’ला आपण घाबरत नाही, ‘चेटकीण’ मात्र ऐकताच वाईट. त्यामुळे जादू करणाऱ्या बाईलाही जादूगारच म्हणावं, लोहार बाईला लोहारच. एक दृश्य दोन तऱ्हांनी सांगून बघा. ‘लोहारीण बाहेर येते. नवरा आत आहे का, असं तुम्ही विचारू शकता.’ आणि: ‘भट्टीपाशी लोहार उभी आहे. उजवा हात कोपरापर्यंत भाजल्याच्या खुणांनी भरलेला. तुमच्या तलवारीकडे बघून म्हणते, हिला कुणी पाजलीय धार? दगडावर घासलीय नुसती.’ दुसऱ्यात स्त्रीलिंग फक्त ‘उभी’ आणि ‘म्हणते’ या शब्दांत आहे, आणि तेवढं पुरेसं आहे.

‘पण त्या काळात असंच होतं’ हा आक्षेप येतोच, म्हणून त्याच्याशी प्रामाणिकपणे बोलायला हवं. इतिहासात बायांच्या वाट्याला जे आलं त्यामागे बाळंतपणातले मृत्यू होते, रोग होते, आणि जमीन कुणाच्या नावावर जाते हा प्रश्न होता. या खेळाच्या जगात पहिल्या पातळीच्या मंत्राने जखमा भरतात, २०१४ च्या नियमांत दुसऱ्या पातळीच्या मंत्राने रोग जातो, आणि मोठे पुरोहित मेलेल्याला उठवतात. गावात असा एक पुरोहित असेल तर बाळंतपण, वारसा, लग्नाचं वय, सगळं बदलायला हवं. ते न बदलता फक्त पहारेकऱ्याचं ‘बाई असून तलवार?’ तेवढं ठेवणं हा इतिहास नव्हे, ती सवय आहे.

भेदभाव कथेत घ्यायला काहीच हरकत नाही. पण मोहिमेआधीच्या बैठकीत, ज्याला सेशन झीरो म्हणतात, तीन प्रश्न उघड विचारावेत. या जगात तो आहे का? असेल तर समोर घडेल की पार्श्वभूमीला राहील? आणि ज्याच्या पात्रावर घडेल त्या खेळाडूने होकार दिलाय का? तिसरा प्रश्न विचारायचा राहिला की काय होतं ते ठरलेलं आहे. प्रत्येक वेशीवर एकाच पात्राला अडवलं जातं, तिथे दहा मिनिटं जातात, आणि तीन वेशींनंतर ती मुलगी अर्धा तास स्वतःच्या असण्याची सफाई देत असते, बाकीचे खेळत असतात.

बलात्काराला पूर्वकथा म्हणून वापरू नये. याबाबत माझं मत ठाम आहे. ज्यांना कथेत अंधार हवा असतो त्यांना तो मिळवायच्या शंभर वाटा आहेत. रॉन एडवर्ड्स यांनी २००३ साली मांडलेली रेषा आणि पडदा ही जोडी इथे कामी येते. रेषा म्हणजे कथेत हे येणारच नाही. पडदा म्हणजे येईल, पण दृश्य तिथे मिटेल आणि पुढची सकाळ सुरू होईल. प्रत्येकाने कागदावर नाव न लिहिता लिहून द्यावं, डीएमने एकत्र वाचून दाखवावं. जॉन स्टॅव्रोपूलोस यांचं एक्स-कार्ड त्याहून सोपं: टेबलाच्या मध्ये फुली काढलेलं कार्ड, कुणीही बोट ठेवलं की तो भाग गाळायचा, कारण विचारायचं नाही. ते फसतं कसं, तर कार्ड तीन महिने तिथेच पडून राहतं आणि कुणी हात लावत नाही, कारण पहिला हात लावणाऱ्याकडे सगळे वळून बघणार. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात डीएमनेच ते एकदा वापरावं, अगदी क्षुल्लक गोष्टीसाठी. ‘उंदरांचं वर्णन मी जरा लांबवलं, गाळते’ म्हणून कार्डावर बोट ठेवावं आणि पुढे चालावं. मग ते कार्ड इतरांचंही होतं.

खेळाडूंचं एकमेकांशी वागणं हा मोठा विषय आहे, इथे दोनच गोष्टी. नोंदी लिहिण्याचं काम दर सत्रात फिरतं ठेवावं, नाहीतर ते गटातल्या मुलीकडे जातं आणि तिथेच राहतं. आणि तिच्या पाळीला तिने फासा उचलण्याआधी तिला नियम समजावणाऱ्याला डीएमने थांबवावं, त्याच क्षणी, हसून न टाळता.

दुसऱ्या लिंगाचं पात्र घेणाऱ्यांना सांगायचं ते थोडकं आहे. आवाज बारीक किंवा घोगरा करू नका. थट्टा तिथूनच सुरू होते. पात्राला काय हवंय ते पहिल्या वाक्यात सांगा, ते कसं दिसतं हे नंतर, विचारलं तर.

आणि क्रियापद चुकणार आहे. पट्टी समोर असून चुकणार आहे, सहाव्या सत्रातही. चुकलं की लांबलचक माफी मागू नये, कारण माफी सुरू झाली की सगळे वळून त्याच खेळाडूकडे बघतात आणि ‘असू दे, असू दे’ म्हणायचं काम तिच्यावर पडतं. त्याच श्वासात दुरुस्त करावं आणि दृश्य हलू द्यावं: ‘तू आत शिरतोस, शिरतेस, आणि पायाखाली घोट्याइतकं थंड पाणी लागतं. मशाल उजव्या हातात की डाव्या?’